पाठ टेकली नाही

(ईस्टरपूर्वीच्या उपवासकाळातील सायंकाळच्या सभेत कोल्हापूर येथे दिलेले व्याख्यान. शब्दांकन करताना किरकोळ संपादन केले आहे.)

अध्यक्षमहोदय, पाळकसाहेब आणि बंधुभगिनींनो,

'धीर' हा शब्द आपण फार सैलपणे वापरतो. कोणाच्या घरी मयत झाली की आपण 'धीर धरा' म्हणतो, मुलगा बारावीत नापास झाला की 'धीर धरा' म्हणतो आणि गारगोटीची एसटी तासभर आली नाही तरी शेजारच्या माणसाला तेच सांगतो. बायबलातील नव्या कराराच्या मराठी भाषांतरात 'धीर' किंवा 'सहनशीलता' असे शब्द जिथे येतात, तिथे मूळ ग्रीकमध्ये पुष्कळदा 'हुपोमोने' हा शब्द असतो. 'हुपो' म्हणजे खाली आणि 'मेनो' म्हणजे राहणे, मुक्काम करणे. शब्दाची फोड केली की अर्थ निघतो 'खाली राहणे'. दुसऱ्या एखाद्या गावात हे समजावून सांगायला मला पाऊण तास लागला असता. कोल्हापुरात मात्र ज्याने खासबागेत एखादी जरी निकाली कुस्ती पाहिली असेल, त्याला ते एका वाक्यात कळते.

खाली गेलेला पैलवान आठवा. तो पोटावर पालथा पडलेला असतो, हातापायांनी मैदानाची माती धरून असतो, वरचा गडी त्याच्या मानेवर घुटना ठेवतो, घिस्सा ओढून पाहतो, लोक ओरडत असतात, नाकातोंडात लाल माती जात असते. बाहेरच्या माणसाला वाटते की हा हरला. जाणकार मात्र तसे म्हणत नाही, कारण त्याला ठाऊक असते की पाठ टेकेपर्यंत कुस्ती झालेली नाही. खालचा गडी पळूनही गेलेला नाही आणि चीतही झालेला नाही; तो आहे तिथे आहे, आणि त्याचे हे असणे म्हणजे नुसते पडून राहणे नव्हे, तर अंगातली सगळी ताकद लावून केलेली गोष्ट आहे. इफिसकरांस लिहिलेल्या पत्राच्या 6 व्या अध्यायात आपले 'झगडणे' रक्तमांसाबरोबर नाही असे आपण वाचतो, तिथेही मूळ शब्द 'पाले' हा आहे आणि त्याचा सरळ अर्थ कुस्ती असा आहे. भाषांतर करणाऱ्यांपैकी एक जण जरी कोल्हापूरचा असता, तर त्याने तिथे तोच शब्द ठेवला असता असे मला नेहमी वाटत आले आहे.

आता यापुढे जाण्याआधी एक गोष्ट स्पष्ट केली पाहिजे, आणि ती ऐकायला फारशी गोड नाही. आपल्यावर येणारा प्रत्येक त्रास हा ख्रिस्तासाठी सोसलेला त्रास नसतो. पेत्राच्या पहिल्या पत्राच्या 4 थ्या अध्यायात याची यादीच आहे: तुमच्यापैकी कोणी खुनी म्हणून, चोर म्हणून दुःख भोगू नये, आणि त्याच रांगेत पेत्राने दुसऱ्याच्या कामात ढवळाढवळ करणाऱ्यालाही बसवले आहे. खुनी आणि चोर यांच्या पंक्तीला हा लुडबुड्या कसा आला, असा प्रश्न मला लहानपणी पडत असे. मंडळीच्या, म्हणजे चर्चच्या, कारभारात चाळीस वर्षे घालवल्यावर आता पडत नाही. मी पूर्वी ज्या मंडळीत होतो, तिथे ध्वनिक्षेपकाच्या आवाजावरून शेजाऱ्यांनी एकदा तक्रार केली. पुढच्याच रविवारी 'प्रभू, आम्हांला शत्रूंच्या हातून सोडव' अशी कळकळीची प्रार्थना झाली आणि सगळ्यांनी आमेन म्हटले. मीही म्हटले. त्या शेजारच्या घरात पंधरा दिवसांची बाळंतीण होती, हे आम्हांला नंतर कळले. खरे सांगायचे तर आम्ही विचारलेच नव्हते.

खऱ्या विरोधाचा इतिहासही आपल्याकडे आहे. रॉयल वाइल्डर हे अमेरिकन मिशनरी 1852 च्या डिसेंबरात कोल्हापुरात आले, तेव्हा या गृहस्थांना संस्थानाच्या हद्दीबाहेर काढावे असा अर्ज दरबाराकडे गेला होता. ही हकिकत आपण वर्धापनदिनी आवडीने सांगतो. पण त्यांना दुसरा मोठा विरोध त्यांच्याच मिशन बोर्डाकडून झाला, हे आपण सहसा सांगत नाही. शाळा काढण्यात किती शक्ती घालवायची यावरून मतभेद झाले, बोर्डाने हात काढून घेतला, आणि 1861 मध्ये ते स्वतःच्या जबाबदारीवर कोल्हापुरास परत आले. पुढे 1870 मध्ये प्रेस्बिटेरियन बोर्डाने हे काम आपल्याकडे घेईपर्यंत ते तसेच टिकून राहिले. परक्यांचा विरोध माणसाला ताठ करतो, तर आपल्यांचा विरोध माणसाला आतून पोखरतो, आणि दोहोंपैकी कोणता सोसणे कठीण, हे ज्याने दोन्ही सोसले त्यालाच विचारावे.

आज मला ज्या विषयावर सर्वांत जास्त बोलायचे आहे, तो विषय दाखल्यांचा आहे. इसवी सन 250 च्या सुमारास रोमचा सम्राट डेसियस याने हुकूम काढला की साम्राज्यातील प्रत्येकाने देवांना बळी अर्पण करावे आणि तसे केल्याचा दाखला घ्यावा. इजिप्तच्या कोरड्या वाळूत पपायरसवर लिहिलेले असे चाळीसहून अधिक दाखले सापडले आहेत. आपल्या तहसील कचेरीतल्या कागदांची ज्याला सवय आहे, त्याला ते वाचताना अगदी ओळखीचे वाटतील: अर्जदाराचे नाव, बापाचे नाव, गाव, मी देवांना नेहमीच अर्पणे करत आलो आहे, आता आपल्या समक्ष पेयार्पण केले, बळीचे मांस चाखले, तरी याखाली तसे प्रमाणित करावे ही विनंती, आणि मग खाली अधिकाऱ्याची सही.

ख्रिस्ती लोकांनी काय केले? काहींनी नकार दिला आणि ते तुरुंगात गेले, काही मेले. पुष्कळांनी बळी दिला. आणि तिसरा एक वर्ग होता, त्याने बळी दिला नाही, पण पैसे चारून दाखला तेवढा मिळवला. कागदावर एक, मनात दुसरे. लाट ओसरल्यावर हे सगळे मंडळीच्या दाराशी परत आले, तेव्हा उत्तर आफ्रिकेतील कार्थेजच्या मंडळीपुढे प्रश्न उभा राहिला की यांचे काय करायचे. तिथला बिशप सिप्रियन स्वतः त्या छळात लपून राहिला होता आणि त्याबद्दल त्याला पुष्कळ ऐकून घ्यावे लागले होते. रोममध्ये नोव्हेशियन नावाच्या पुढाऱ्याने सांगितले की अशांना दार कायमचे बंद. 251 मध्ये कार्थेजला भरलेल्या सभेने मात्र दार बंद केले नाही: ज्यांनी नुसता दाखला घेतला त्यांची एकेकाची चौकशी करून त्यांना परत घ्यावे, ज्यांनी बळी दिला त्यांना दीर्घ प्रायश्चित्त द्यावे, असे ठरले. लपून बसलेला तो सिप्रियन पुढे 258 मध्ये, दुसऱ्या छळात, तलवारीखाली मान द्यायला उघडपणे गेला.

मी हे इतके लांबवून का सांगतो आहे, हे या सभागृहातील बहुतेकांच्या ध्यानात आले असेल. 1950 च्या राष्ट्रपतींच्या आदेशाने अनुसूचित जातीचा दर्जा हिंदूंपुरता ठेवला. 1956 मध्ये शिखांचा आणि 1990 मध्ये बौद्धांचा त्यात समावेश झाला. ख्रिस्ती झालेल्या माणसाला तो नाही. गावाने त्याला ज्या नजरेने पाहायचे त्या नजरेने पाहणे सोडले नाही, पण सरकारी कागदावर तो त्यातून बाहेर पडला. त्यामुळे आपल्या भागात अशी किती तरी घरे आहेत की जिथे आजोबांचा बाप्तिस्मा झाला, घरात संध्याकाळी प्रार्थना होते, आणि नातवाच्या शाळेच्या दाखल्यावर धर्माच्या रकान्यात वेगळे लिहिलेले असते. ही माणसे प्रभुभोजनाच्या वेळी मागच्या बाकावर बसतात. पुढच्या बाकावरून त्यांच्याकडे मान वळवून पाहणारेही मी पाहिले आहेत, आणि त्या वळलेल्या मानांपैकी बहुतेकांच्या घरी पेन्शन येते, ही गोष्ट मला बोलून दाखवल्याशिवाय राहवत नाही. नोव्हेशियन होणे सोपे असते. ज्याच्या मुलाची फी भरायची आहे, ज्याला गावात भावकीत राहायचे आहे, त्याचा धीर आपण कोणत्या मापाने मोजणार? तो खोटे बोलतो आहे हे खरे आहे, आणि मी त्याला खोटे बोल असे सांगणार नाही. पण तो दर रविवारी येतो, हेही खरे आहे. मातीत पडलेल्या गड्याची पाठ टेकली की नाही हे ठरवायला पंचाला गुडघे टेकून, गाल जमिनीला लावून पाहावे लागते; गॅलरीत बसून ते दिसत नाही.

दोन्ही बाजूंचा दाब सोसून जागा न सोडणाऱ्या व्यक्तींमध्ये मला पंडिता रमाबाईंचे नाव सर्वांत आधी सुचते. 1883 मध्ये इंग्लंडात वाँटेज येथे त्यांचा बाप्तिस्मा झाला आणि इकडे त्यांच्यावर टीकेची झोड उठली. तिकडे मठातल्या ज्या भगिनींनी त्यांना आसरा दिला होता, त्यांना रमाबाईंनी मुकाट्याने सगळे मान्य करावे असे वाटत होते. रमाबाईंनी मांसाहार केला नाही, आणि क्रूसावर लॅटिन अक्षरे कशासाठी, माझ्या भाषेतल्या संस्कृत शब्दांत काय उणे आहे, असा रोखठोक प्रश्न पत्रातून विचारला. 1889 मध्ये त्यांनी मुंबईत शारदा सदन काढले, ते पुढे पुण्यास नेले, आणि 1893 मध्ये मुलींना बाटवले जाते असा गवगवा होऊन सल्लागार मंडळातील मोठमोठी माणसे बाजूला झाली, पालकांनी मुली काढून नेल्या. त्या वर्षी कोणी हिशेब मांडला असता तर काम बुडाले असेच लिहिले असते. त्यानंतर तीनच वर्षांनी दुष्काळ पडला आणि केडगावला त्यांच्या मुक्ती मिशनच्या आवारात शेकडो उपाशी मुली आल्या. त्या गलबल्यातही त्या हिब्रू आणि ग्रीक शिकत राहिल्या, मूळ भाषांतून मराठीत बायबलचे भाषांतर करत राहिल्या, तिथल्याच मुलींच्या हातून ते छापून घेत राहिल्या. 1921 मध्ये एकुलती एक मुलगी मनोरमा गेली, 5 एप्रिल 1922 रोजी त्या स्वतः गेल्या. संपूर्ण ग्रंथ बाहेर आला तो 1924 मध्ये.

एका बाजूचा उल्लेख आपण नेहमी विसरतो, म्हणून तो करतो. श्रद्धेपायी येणारे दुःख नेहमी श्रद्धा धरणाऱ्याच्याच वाट्याला येते असे नाही. 1895 मध्ये नारायण वामन टिळकांनी बाप्तिस्मा घेतला, तो त्यांचा निर्णय होता. त्यानंतरची काही वर्षे त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी नातलगांच्या घरी ज्या अवस्थेत काढली, तो मात्र त्यांचा निर्णय नव्हता. त्या पुढे स्वतःच्या विचाराने, स्वतःच्या वेळी ख्रिस्ती झाल्या. पण झाल्या नसत्या, तरी त्यांचे सोसणे तेवढेच खरे राहिले असते, आणि आपल्या साक्षीच्या सभांतून अशा बायकांना, अशा आयांना जागा नसते.

माझी आजी अशांपैकीच एक होती. पन्हाळ्याच्या पायथ्याच्या एका गावात आजोबांनी बाप्तिस्मा घेतला आणि आठवड्याभरात आजीची विहीर बंद झाली. आमच्या वाड्यातल्या बायकांची पाण्याची वेळ ठरलेली असे. त्या वेळी ती गेली की बाकीच्या पोहरे बाहेर काढून घेत आणि गप्प उभ्या राहत. कोणी शिवी दिली नाही, कोणी दगड मारला नाही. ती ओढ्यावरून पाणी आणू लागली, उन्हाळ्यात झरा उकरून वाटीवाटीने घागर भरू लागली. आजोबा मंडळीत साक्ष देत, डोळ्यांत पाणी आणून देत; पाणी मात्र आजी आणत असे. सुगीत ती त्याच बायकांच्या खळ्यावर उफणणीला जात असे, बोलावले तरी आणि न बोलावले तरी. विहीर तिला पुन्हा कोणी उघडून दिली नाही. बऱ्याच वर्षांनी गावात नळ आला आणि प्रश्नच मिटला.

तिचा पोहऱ्याचा दोर मात्र तिने टाकला नाही. अंबाडीचा, हाताने वळलेला, एका टोकाला पोहऱ्याच्या कडीने झिजून काळा पडलेला तो दोर खुंटीला टांगलेला असे. कशासाठी ठेवला आहेस, असे मी एकदा विचारले, तर 'इजार आहे, नाडीला लागतोय' एवढेच म्हणाली. पण लेंग्यात नाडी म्हणून घालता येईल इतका तो बारीक नव्हता, हे दोघांनाही दिसत होते. आज तो माझ्या घरी, कोल्हापुरात, फ्लॅटच्या गॅलरीत टांगलेला आहे. मघाशी मी तुम्हांला सांगितले की आपल्या छळाच्या आठवणी पूर्वजांच्या जमिनीसारख्या सातबाऱ्यावर चढवून ठेवण्याचा आपल्याला मोह होतो. सांगितले नसेल तर आता सांगतो. मागच्या मे महिन्यात माझ्या नातीने उड्या मारायला तो दोर मागितला. मी तिला तो दिला नाही, दुकानातून नवा आणून दिला. का दिला नाही, याचे उत्तर तिने मागितले होते आणि ते मला अजून देता आलेले नाही.