अ‍ॅक्सोलॉटल आजारी वाटतोय? औषधाआधी पाणी तपासा

नमस्कार मंडळी! मार्च सरला की मला कोल्हापुरातून एकाच तऱ्हेचे फोटो यायला लागतात. अ‍ॅक्सोलॉटल (टँकमध्ये पाळतात तो बाहेर कल्ले असलेला उभयचर) तळाशी गप्प पडलाय, खात नाही, आणि खाली प्रश्न: ‘दादा, कुठलं औषध टाकू?’

औषध राहू दे. आधी टँकमध्ये थर्मामीटर सोडा.

हा प्राणी मूळचा मेक्सिको सिटीतल्या झोचिमिल्को तलावाचा. उंचावरचा भाग, थंड पाणी. त्याला 16 ते 18 अंश मानवतात, 20 पर्यंत निभावतं. आपल्याकडं एप्रिल-मेमध्ये बाहेर 37-38 अंश असतात आणि स्लॅबखालच्या खोलीत टँकचं पाणी सहज 28 वर जातं. 24 च्या वर सलग राहिलं की भूक मरते, प्रतिकारशक्ती ढासळते आणि मग बुरशी, जिवाणू यांचं फावतं.

(कॅमेरा टँकजवळ) हे बघा, डोक्याच्या दोन्ही बाजूंना तीन-तीन कल्ले. त्यावरचे हे बारीक तंतू दाट आहेत, आणि मधूनच तो कल्ले असे झटकतो. ही तब्येत ठीक असल्याची खूण. कल्ले सतत तोंडाकडं वळलेले राहिले, शेपटीचं टोक वळलं, तर तो ताणात आहे. बहुतेक वेळा फिल्टरचा प्रवाह जोराचा असतो किंवा पाणी बिघडलेलं असतं. कल्ल्यावर कापसासारखा पांढरा पुंजका दिसला, तर ती बुरशी.

दुसरं काम, पाणी तपासायचं टेस्ट किट. अमोनिया शून्य, नायट्राइट शून्य हवं; ही दोन्ही घाणीतून पाण्यात तयार होणारी विषं. थोडाही आकडा दिसला तर त्याला लगेच वेगळ्या टबात काढा. टबात अँटीक्लोरीन (क्लोरीन घालवणारं द्रावण) घातलेलं, टँकइतक्याच तापमानाचं पाणी घ्या आणि ते रोज पूर्ण बदला. नळाचं पाणी थेट ओतू नका, क्लोरीननं कल्ले भाजतात. टबावर पंखा सोडा, बर्फाच्या बंद बाटल्या आलटून पालटून ठेवा, पण पाणी एकदम गार करू नका. पंख्याचा गुण कोरड्या हवेत येतो. वळवाच्या आधीच्या दमट दिवसांत तो कमी पडतो, तेव्हा बाटल्यांवरच भर द्या. परवडत असेल तर चिलर (पाणी गार ठेवणारं यंत्र) घ्याच, असं माझं ठाम मत आहे.

आता बुरशी. आयोडीन नसलेलं जाडं मीठ, लिटरला 2 लहान चमचे, वेगळ्या भांड्यात पूर्ण विरघळवून. त्यात 10 मिनिटं, दिवसातून दोनदा. घड्याळ लावून समोर बसा. जास्त वेळ ठेवलं तर मिठानं कल्ल्यांनाच इजा होते. आणि हा मासा नाही, बेडकाच्या नात्यातला उभयचर आहे. त्याची कातडी औषध शोषून घेते. त्यामुळं मॅलाकाइट ग्रीन किंवा तांबं असलेली माशांची औषधं अजिबात नकोत, दुकानदारानं कितीही खात्री दिली तरी.

तो वर तरंगतोय, खाली जाता येत नाही? पोटात गॅस असेल किंवा गिळलेली खडी अडकली असेल. तोंडात मावेल एवढी खडी टँकमध्ये ठेवूच नका. खाणं थांबवा, उथळ गार पाण्यात ठेवा.

अंगावर लाल चट्टे, सूज, चिघळलेली जखम असेल तर घरगुती उपाय बंद. अँटिबायोटिक डॉक्टरांनीच ठरवायचं. आपल्याकडं बहुतेक पशुवैद्यांचा हात गाई-म्हशी आणि कुत्र्यांवर बसलेला असतो, म्हणून आधी फोन करून उभयचर बघता का ते विचारा. जाताना त्याला गार पाण्याच्या झाकणबंद डब्यात न्या, आणि पाण्याचं तापमान, अमोनियाचा आकडा व शेवटचं कधी खाल्लं हे कागदावर लिहून घ्या.