आधी कणीक, मग फेरी

(दृश्य : कोल्हापूर. सकाळचं स्वयंपाकघर. परात, पीठ, पाण्याचं भांडं.)

सकाळचे साडेसात. परातीत कणीक मळतायत ते काका. ओट्याशी स्टुलावर बसून नातीचा डबा भरतायत त्या काकू. काकूंना फायब्रोमायल्जिया आहे. मान, खांदे, कंबर, मांड्या... दुखणं एका जागी थांबतच नाही. रात्रभर झोपूनही सकाळी अंग ठेचून निघाल्यासारखं. बोलता बोलता साधा शब्द आठवत नाही, गॅसवर दूध ठेवल्याचं लक्षात राहत नाही.

रक्ताचे रिपोर्ट मात्र नॉर्मल. एक्स-रेतही काही नाही. आणि इथूनच घराघरांत ताण सुरू होतो. ‘रिपोर्टात काही नाही ना? मग मनाचंच असेल,’ असं पाहुणे सहज बोलून जातात, आणि ते ऐकणारीच्या मनात वर्षानुवर्षं राहतं. दुखणं खरं असतं. सांधे झिजलेले नसतात, स्नायू फाटलेले नसतात. मेंदू आणि मज्जारज्जू वेदनेचे संदेश वाढवून पोचवत असतात. कुणी मायेनं खांद्यावर हात ठेवला, तरी तो खुपतो. १९९०च्या अमेरिकी निकषांप्रमाणे डॉक्टर अंगावरच्या १८ ठरावीक जागा दाबून बघायचे आणि त्यातल्या ११ दुखल्या की निदान व्हायचं. २०१०मध्ये नवे निकष आले, तेव्हा थकवा, झोपूनही न जाणारा शीण आणि विसरायला होणं यांनाही निदानात जागा मिळाली.

(दृश्य : दाराशी चपला. काकू पट्टा लावतायत.)

या आजारावर औषधं आहेत आणि काहींना त्यांचा उपयोगही होतो. पण युरोपातल्या संधिवाततज्ज्ञांच्या ‘युलार’ या संघटनेनं २०१६मध्ये सगळे पुरावे तपासून सुधारित शिफारशी केल्या, तेव्हा ‘ठामपणे करावं’ असं एकाच गोष्टीबद्दल म्हटलं : व्यायाम.

हे कळलं की घरचे कामाला लागतात. नवे बूट येतात, मोबाइलवर पावलं मोजायचं अॅप येतं. काकूंनाही पहिल्याच दिवशी रंकाळा तलावाची अख्खी फेरी मारायला नेलं होतं. पुढचे काही दिवस त्यांना अंथरुणातून उठवेना. घरच्यांची माया खरी होती, मापच चुकलं होतं.

आणि घरातली एक तक्रार अगदी रास्त असते : ‘दिवसभर राबतेच की मी, अजून कसला व्यायाम?’ घरकाम म्हणजे वाकणं, पिळणं, उचलणं, तासन्‌तास उभं राहणं, तेही दुसऱ्यांच्या वेळेप्रमाणे. तव्यावर चपाती असताना ‘आता बसते जरा’ म्हणता येत नाही. व्यायाम मोजून करता येतो, मध्येच थांबवता येतो. पण त्यासाठी अंगात काहीतरी शिल्लक हवं. चार माणसांची कणीक मळून, दळणाचा डबा उचलून, ओले कपडे पिळून झाल्यावर ‘चल, फिरून येऊ’ म्हणणं हा अन्याय आहे. म्हणून काकांनी आधी कणीक हाती घेतली. मग दळण.

सगळीच कामं मात्र काढून घेतली नाहीत. ‘तू बस, मी करतो’ असं उठता-बसता म्हटलं की आधीच दुखणाऱ्या अंगातली ताकद आणखी कमी होते, आणि घरात आपलं काही उरलं नाही असंही वाटू लागतं. फोडणी काकूंचीच, तुळशीचं पाणी त्यांचंच. कुठलं काम सोडायचं, हे त्यांनी ठरवलं.

(दृश्य : गल्ली. दोघं चालतायत, काकांच्या हातात घड्याळ.)

सुरुवात सहा मिनिटांची होती. दुसऱ्या दिवशी दुखणं नेहमीपेक्षा फार वाढलं नाही, तर तेवढंच परत. काही दिवस ते अंगवळणी पडलं की एखाद-दुसरं मिनिट जास्त. दुखणं वाढून खालीच येईना, तर पुन्हा कमी. वाईट दिवशी फाटकापर्यंत जाऊन परत.

सगळ्यात अवघड असतो तो चांगला दिवस. ‘आज जरा बरं वाटतंय’ म्हणताच पडदे धुवायला निघतात, माळा आवरायला घेतला जातो, गौरीच्या जेवणाचा सगळा घाट एकटीच्या अंगावर येतो. आणि मग दोन-तीन दिवस आडवं पडणं. अशा दिवशी शेजारच्या माणसानं ‘आजही सहाच’ म्हणायला हवं. पडलेल्या माणसाला उठवायची धडपड सगळे करतात. उत्साहात निघालेल्याला प्रेमानं थांबवणं फार कमी जणांना जमतं, आणि मला ते जास्त मोलाचं वाटतं.

बोलणंही बदलावं लागलं. ‘आज किती दुखतंय?’ हा प्रश्न काका आता सारखा विचारत नाहीत. विचारतात, ‘कुठवर जाऊ या?’

‘अहो, आज नको.’

‘बरं. फाटकापर्यंत?’

त्यालाही ‘नको’ म्हटलं, तर तो विषय तिथेच संपतो. रुसवा नाही, टोमणा नाही.

चालणंच हवं असंही नाही. कोमट पाण्यातला व्यायाम अनेकांना सोसतो, सावकाश केलेली योगासनंही. अमेरिकेत बोस्टनच्या संशोधकांनी २२६ रुग्णांमध्ये ताई ची हा संथ हालचालींचा चिनी व्यायाम आणि एरोबिक, म्हणजे श्वास आणि नाडी वाढवणारा व्यायाम, यांची तुलना केली. २०१८मध्ये ती प्रसिद्ध झाली. ताई चीचा फायदा एरोबिकइतका किंवा त्याहून जास्त दिसला, आणि त्या वर्गांना हजेरीही जास्त होती. माणूस ज्याला कंटाळत नाही, तेच पुढे चालू राहतं.

(दृश्य : स्वयंपाकघरातलं कॅलेंडर.)

सांध्याला सूज, ताप, वजन उतरणं, हातापायातली ताकद जाणं, असं काही नवीन दिसलं तर ते फायब्रोमायल्जियाच्या नावावर ढकलायचं नाही, डॉक्टरांना दाखवायचं. काकूंची पुढची तपासणी कॅलेंडरवर लिहिलेली आहे. त्याखाली दिवाळीची वाटणी : भाजणी गिरणीतून काका आणणार, चकल्या सून पाडणार, तळणार मुलगा. काकू स्टुलावर बसून करंज्यांचं सारण करणार आहेत, आणि त्या दिवशीही फेरी ठरल्याएवढीच.