'रन' म्हणजे नुसतं धावणं नव्हे

श्रोतेहो, नमस्कार. इंग्रजी शिकताना 'रन' हा शब्द आपल्याला अगदी सुरुवातीलाच भेटतो. रन म्हणजे धावणे, एवढं पाठ करून आपण पुढे जातो. पण इंग्रजीत नदी रन होते, नळ रन होतो, सर्दी झाली की नाक रन होतं आणि धुताना कपड्याचा रंगही रन होतो, म्हणजे जातो.

ऑक्सफर्ड इंग्लिश डिक्शनरीच्या १९८९ च्या आवृत्तीत सगळ्यात लांबलचक नोंद 'सेट' या क्रियापदाची होती. पुढे कोशाची सुधारणा सुरू झाली आणि 'रन'नं तिला मागे टाकलं. पीटर गिलिव्हर या संपादकांनी या एका क्रियापदावर सुमारे नऊ महिने घालवले आणि त्याचे ६४५ अर्थ निवडून वेगळे केले!

एवढे अर्थ आले कुठून? बरेचसे यंत्रांमुळे आले. आधी माणूस, घोडा आणि पाणी धावत होतं. मग घड्याळ, गिरणी, इंजिन, आगगाडी, सगळ्यांसाठी हाच शब्द वापरात आला. आज संगणकावरचा प्रोग्रॅमही रनच होतो. आपलं 'चालणे' हे क्रियापद आठवा. दुकान चालतं, खटला चालतो, नाणं चालतं. त्यामुळे मराठी माणसाला हे अवघड वाटायचं कारण नाही.

खरी परीक्षा असते ती शेजारच्या छोट्या शब्दांची. 'रन डाउन' घ्या. बॅटरी रन डाउन झाली, म्हणजे उतरली. 'आय फील रन डाउन', म्हणजे अंगात त्राण उरलेलं नाही. गाडीनं कुणाला रन डाउन केलं, म्हणजे उडवलं. आणि 'डोन्ट रन हर डाउन', म्हणजे तिला नावं ठेवू नकोस. म्हणून मी आग्रहानं सांगतो, अर्थांच्या याद्या पाठ करू नका, अख्खं वाक्य लक्षात ठेवा.

देशागणिकही फरक पडतो. अमेरिकेत उमेदवार निवडणुकीसाठी 'रन' करतो, ब्रिटनमध्ये तो 'स्टँड' होतो, आपल्यासारखाच उभा राहतो.

बातम्या ऐकताना तर कान टवकारून ऐका. 'शी रन्स द बँक' म्हणजे बँकेचा कारभार तिच्या हाती आहे. 'देअर इज अ रन ऑन द बँक' म्हणजे ठेवीदार धास्तावून एकाच वेळी पैसे काढायला धावले आहेत.