‘सुंदरा’चं पान

[सिद्धेश्वर तलाव, कट टू कॉम्प्युटरचा स्क्रीन]

सोलापूर म्हटलं की लोक चादर म्हणतात, शेंगाचटणी म्हणतात, गड्ड्याची जत्रा म्हणतात, पण राम जोशींचं नाव पटकन कुणाच्या तोंडी येत नाही. १७६२ साली याच गावात जन्मलेला हा शाहीर, आणि त्याची ‘सुंदरा’ ही लावणी सगळ्या महाराष्ट्राला पाठ, निदान पहिली ओळ तरी. ही पोरं जुन्या मराठी गाण्यांचं विकी चालवतात, हौसेनं, फुकटात, आणि आज त्याच गाण्याचं पान उघडून बसलीत.

आता स्क्रीन जरा जवळून बघा. गाणं एक, पानं तीन. ‘सुंदरा मनामधि भरली’, ‘सुंदरा मनामध्ये भरली’, आणि तिसऱ्यात ‘मनामध्यें’, डोक्यावर अनुस्वार देऊन. तिन्ही कुणीतरी मनापासून टाइप केलेली, आणि सरळ चूक कुठलीच म्हणता येत नाही, कारण लावणी आधी डफ-तुणतुण्यावर तोंडातोंडी फिरली, छापून आली फार नंतर, ज्यानं जशी ऐकली तशी. तो अनुस्वार जुन्या लेखनातला, १९६२ च्या नियमांनी असले न उच्चारायचे अनुस्वार काढून टाकले, पुस्तकांत मात्र ते अजून बसलेत.

भांडण सुटलं ते वाचनालयातल्या काकांच्या एका प्रश्नामुळं. पान लावणीचं आहे का सिनेमातल्या गाण्याचं?

[हेडफोन, वही, पेन]

सिनेमा म्हणजे राजकमल या चित्रसंस्थेचा ‘लोकशाहीर राम जोशी’, १९४७, संगीत वसंत देसाईंचं, आवाज जयराम शिलेदारांचा. मग ठरलं की सिनेमाच्या पानावर कानाला जे ऐकू येतं तेच, आणि मूळ लावणीला वेगळं पान, त्यावर कुठल्या पुस्तकातला पाठ ते लिहायचं. बाकीची नावं त्या-त्या पानाकडं वळवून टाकायची, म्हणजे कुणी काहीही टाइप केलं तरी पोचतोय. तेव्हाच्या ७८ च्या रेकॉर्डच्या, म्हणजे मिनिटाला ७८ फेरे घेणाऱ्या तबकडीच्या, एका बाजूला तीन-साडेतीन मिनिटंच मावायची, त्यामुळं पुस्तकातली सगळी कडवी उचलून गाण्याच्या पानावर चिकटवायची नाहीत, हा नियम त्यातूनच आला.

ही जी ओळ परत परत मागं घेतीय ना ती पोरगी, तिथं आधीच्या पानावर ‘हवेत शिरली’ लिहिलेलं. हवेत कशी शिरेल बे, हवेलीत! तुम्हीच ऐका.

[गाण्याचा तुकडा, निवेदन बंद]

आणि हा अजून एक खेळ. ‘बिचाऱ्या’ मधला ‘ऱ्या’ दोन पद्धतीनं टाइप होतो, एकात खाली टिंब असलेला ऱ, दुसऱ्यात साधा र, हलन्त म्हणजे पाय मोडायची खूण, आणि मधे एक न दिसणारं कॅरेक्टर. स्क्रीनवर सेम टू सेम, पण सर्चला ते दोन वेगळे शब्द, म्हणून एकाच नावाची दोन पानं तयार होतात आणि कुणाला पत्ताच लागत नाही. पोरं ते कॅरेक्टर मोजायच्या टूलमधे टाकून पकडतात, बघायला मजा येते खरं.

पण आम्ही शूटिंगला गेलो ते त्या उजवीकडच्या चौकटीसाठी. गीतकार. इथं गदिमांचं नाव होतं. सिनेमाची पटकथा गदिमांची, त्यात गाणीही आहेत त्यांची, म्हणून कुणीतरी सगळ्याच गाण्यांना तेच नाव लावून मोकळा झाला. वर ‘सुंदरा’ शोधलं की ‘घनश्याम सुंदरा’ पण समोर येतं, ते शाहीर होनाजीचं, १९५१ च्या ‘अमर भूपाळी’तलं, तिथंही राजकमल आणि वसंत देसाईच, मग गोंधळ काय थोडा होणार! हे बघा, कर्सर आला, जुनं नाव गेलं, राम जोशी आले. दोनशेहून जास्त वर्षं गातायत लोक, आणि नाव दुसऱ्याचं लावायचं म्हणजे काय.

हक्कांचं म्हणाल तर राम जोशींचे शब्द सगळ्यांचेच, गदिमा १९७७ ला गेले आणि कायदा पुढची साठ वर्षं धरतो, म्हणून २०३७ संपेपर्यंत त्यांच्या गाण्यांची फक्त पहिली ओळ आणि माहिती ठेवायची, आधीची पूर्ण गाणी काढली, बरीच होती, काही लोक चिडले.

पुढचं पान ‘हटातटाने पटा रंगवुनि’चं. त्यात ‘नि’ ऱ्हस्व का दीर्घ यावर आत्ताच जुंपलीय, आणि काका म्हणतायत आधी जेवून घ्या.