हातात गिऱ्हाईक घेऊन दुकानात जा

(नाशिकमध्ये नवउद्योजकांच्या एका बैठकीत केलेल्या भाषणाचं संपादित रूप)

नमस्कार. आमच्यासारख्या छोट्या ऑनलाइन गिफ्ट सर्टिफिकेट कंपनीने कमी खर्चात दुकानदार कसे जोडायचे, यावर बोलायला मला सांगितलंय. ज्यांना या धंद्याची माहिती नाही त्यांच्यासाठी आधी दोन वाक्यं. समजा पुण्यातल्या मावशीला नाशिकच्या भाचीला दिवाळीची साडी द्यायची आहे. ती आमच्या साइटवर नाशिकच्या एका दुकानाचं दोन हजारांचं सर्टिफिकेट घेते, भाचीच्या व्हॉट्सॲपवर कोड जातो आणि भाची दुकानात जाऊन स्वतःच्या पसंतीची साडी उचलते. मावशीची माया पोचते आणि भाचीला आवडीचा रंग मिळतो.

साइट बनवणं आता अवघड राहिलेलं नाही. खरा माल म्हणजे दुकानं. ती नसतील तर साइट म्हणजे रिकामी शेल्फं. आणि नेमकं तिथंच नवीन माणूस पैसे घालवतो. मीही घालवले.

आधी हिशेब बघू. हजाराचं एक सर्टिफिकेट विकलं की दुकानदार आम्हाला सहा टक्के देतो, म्हणजे साठ रुपये. ग्राहकाने कार्डाने पैसे भरले तर पेमेंट गेटवेचे, म्हणजे ऑनलाइन पैसे स्वीकारून देणाऱ्या कंपनीचे, साधारण वीस रुपये जातात. यूपीआयने भरले तर हा खर्च वाचतो, कारण जानेवारी 2020 पासून यूपीआयच्या व्यवहारांवर दुकानदाराकडून शुल्क घेत नाहीत. तरी सावध हिशेबाने चाळीस रुपये हातात राहतात असं धरा. आता दुकानं जोडायला तुम्ही अठरा हजार पगारावर एक मुलगा ठेवलात आणि त्याने महिन्याला सहा दुकानं आणली, तर एका दुकानावर तीन हजार खर्च झाले. ते नुसते भरून निघायला त्या एका दुकानाची पंच्याहत्तर सर्टिफिकेटं विकली जायला हवीत. उपनगरातल्या साड्यांच्या दुकानाची पंच्याहत्तर सर्टिफिकेटं विकायला आम्हाला सुरुवातीला वर्ष पुरत नव्हतं. म्हणून माझं पहिलं म्हणणं हे, की दुकान जोडण्याचा खर्च जाहिरातीच्या खात्यात टाकू नका. तो चाळीस रुपयांच्या पट्टीने मोजा.

सुरुवातीला मी कॉलेज रोडच्या चकचकीत दुकानांच्या मागे लागले होते. छान छापलेलं माहितीपत्रक घेऊन जायचे. काउंटरवरचा मुलगा म्हणायचा, "ताई, मोठे भाऊ नाहीत, ते आल्यावर या." भाऊ भेटले की म्हणायचे, "दिवाळीनंतर बघू." चार महिन्यांत पाच दुकानं झाली, आणि त्यातल्या तीन दुकानांचं एकही सर्टिफिकेट विकलं गेलं नाही.

मग सातपूर एमआयडीसीतल्या एका कारखान्याशी बोलणं झालं. तिथे पंचेचाळीस कामगार. दरवर्षी दिवाळीला मिठाईचा डबा दिला जायचा, आणि त्या वर्षी मालकांना प्रत्येकाला हजार रुपयांची भेट द्यायची होती. मी त्यांना म्हटलं, दुकानं मी ठरवत नाही, तुमच्या माणसांना ठरवू द्या. प्रत्येकाने चिठ्ठीवर आपल्या आवडीची तीन दुकानं लिहायची. जेवणाच्या सुट्टीत एका हेल्मेटमध्ये चिठ्ठ्या जमा झाल्या. घरी आणून जमिनीवर पसरल्या आणि एकेक वाचत गेले. रविवार कारंजाजवळचं भांड्यांचं दुकान, मेन रोडवरची कापडाची दोन दुकानं, सिडकोतलं चपलांचं, अंबडमधलं एक किराणा दुकान. मी चार महिने ज्यांचे उंबरे झिजवले, त्यांतलं एकही नाव एकाही चिठ्ठीवर नव्हतं. त्या संध्याकाळी मला माझा धंदा पहिल्यांदा कळला असं मी मानते. कोणतं दुकान जोडायचं हे भेट घेणारा सांगतो, आणि ते विचारायला एक पैसाही लागत नाही.

दुसऱ्या दिवशी दुपारी तीनच्या सुमारास मी त्या भांड्यांच्या दुकानात गेले. दुपारची वेळ मुद्दाम निवडली होती. सकाळी दुकानदार माल लावत असतो, संध्याकाळी गर्दी असते, आणि दुपारी तो दोन शब्द ऐकू शकतो. गल्ल्यावर साठीच्या पुढचे काका होते. त्यांना माहितीपत्रक दाखवलंच नाही. म्हटलं, "काका, तुमच्यासाठी माझ्याकडे अकरा गिऱ्हाईकं आहेत. प्रत्येकी हजार रुपये. पैसे आधी तुमच्या खात्यात येतील, माणसं नंतर येतील."

त्यांनी चष्मा वर केला. "माल न्यायच्या आधी पैसे?"

"हो."

"आणि माणूस आलाच नाही तर?"

"पैसे त्याचे आहेत काका. वर्षभरात कधीही आला तरी त्याला माल द्यायचा."

"यात तुमचं काय?"

"हजारामागे साठ."

त्यांनी बिलबुकाच्या पाठीमागे पेन्सिलीने आकडेमोड केली. अकरा हजार, वजा सहाशे साठ. थोडा वेळ त्या आकड्याकडे बघत बसले आणि म्हणाले, "म्हणजे यात उधारी नाही." मग आत हाक मारून मुलाला बोलावलं आणि कागद पुढे केले.

मोठमोठ्या शब्दांत मी एवढे महिने जे सांगत होते ते त्यांनी एका वाक्यात मांडलं. आपल्याकडचा दुकानदार आयुष्यभर उधारीशी झगडतो. माल जातो आणि पैसे मागाहून येतात, कधी कधी येतच नाहीत. हा व्यवहार बरोबर उलटा आहे. त्या दिवसानंतर मी "ऑनलाइन" किंवा "ब्रँड" हे शब्द दुकानात उच्चारलेले नाहीत.

त्या अकरांपैकी एक जण पाडव्याला कुकर घ्यायला आला. कुकर सोळाशे पन्नासचा होता, वरचे साडेसहाशे त्याने रोख दिले. ते कळवायला काकांनी मला स्वतः फोन केला. महिन्याभरात त्यांचे सिन्नरचे व्याही जोडले गेले, त्यांचंही भांड्यांचं दुकान आहे. त्यासाठी माझे सिन्नरला जायचे एसटीचे पैसे तेवढे गेले.

पैसे आधी द्यायचे म्हणजे नक्की कसे, हा प्रश्न तुम्हाला पडला असेल. इथे कायदा समजून घ्या, कारण या कायद्यामुळेच दुकानदाराशी आपलं नातं ठरतं. रिझर्व्ह बँक अशा सर्टिफिकेटांना प्रीपेड पेमेंट इन्स्ट्रुमेंट म्हणते, म्हणजे आधी पैसे भरून नंतर खरेदीला वापरायचं साधन. दुकानाने फक्त स्वतःच्या मालासाठी काढलेलं सर्टिफिकेट असेल तर ती क्लोज्ड सिस्टीम होते आणि त्याला रिझर्व्ह बँकेची परवानगी लागत नाही. पण तुम्ही स्वतःच्या नावाने, अनेक दुकानांत चालणारं एकच सर्टिफिकेट काढलंत, तर परवाना लागतो. त्यासाठी बँक नसलेल्या कंपनीकडे अर्ज करतानाच किमान पाच कोटींची नक्त मत्ता, म्हणजे मालमत्तेतून देणी वजा जाता उरणारी रक्कम, हवी, आणि पुढे ती पंधरा कोटींवर न्यावी लागते. आपल्यासारख्यांच्या आवाक्यातली ही गोष्ट नाही.

म्हणून आमच्याकडे प्रत्येक सर्टिफिकेट त्या त्या दुकानाचं असतं. देणेकरी दुकान, आणि आम्ही विकून देणारे. ग्राहकाने पैसे भरले की पेमेंट कंपनीच रक्कम विभागते. दुकानाचा वाटा एक-दोन कामाच्या दिवसांत थेट दुकानाच्या खात्यात जातो आणि आमचं कमिशन आमच्या खात्यात येतं. दुकानदाराचे पैसे आमच्याकडे पडून राहतच नाहीत. बरेच जण मला म्हणतात की न वापरलेल्या सर्टिफिकेटांवरच खरी कमाई असते. मला हे मान्य नाही. कुणाच्या तरी आत्याने दिलेली भेट कालबाह्य होण्याची वाट बघणारा माणूस या धंद्यात टिकू नये असं मला वाटतं. आम्ही कोडची मुदत संपण्याच्या दोन महिने आधी फोन करतो. तो फोन झाला की ते माणूस दुकानात जातं, आणि दुकानदाराला कळतं की आपण गिऱ्हाईक खरंच पाठवतो.

जीएसटीबद्दल प्रत्येक दुकानदार विचारतो, तेव्हा उत्तर तयार ठेवा. डिसेंबर 2024 मध्ये जैसलमेरला झालेल्या जीएसटी परिषदेच्या बैठकीनंतर, 31 डिसेंबरच्या परिपत्रकाने हे स्पष्ट झालं. व्हाउचरच्या, म्हणजे अशा सर्टिफिकेटांच्या, व्यवहारावर कर नाही, माल विकला जाईल तेव्हा मालावर कर. आम्ही कमिशनवर सर्टिफिकेटं विकून देणारे, म्हणून आमच्या साठ रुपयांवर अठरा टक्के, म्हणजे दहा रुपये ऐंशी पैसे. एवढं सरळ सांगितलं की दुकानदाराच्या मनातली अर्धी धास्ती जाते. उरलेली अर्धी त्याच्या कर सल्लागाराला जाऊन भेटलात की जाते.

आणि तो सल्लागार भेटला की त्याला सोडू नका. एका कर सल्लागाराकडे साठ-सत्तर दुकानांचे हिशेब असतात. पिशव्या पुरवणारा, बिलिंगची मशिनं दुरुस्त करणारा, ही माणसं रोज त्याच गल्ल्यांवर जातात, आणि दुकानदार त्यांचं ऐकतो. इथे मी एक चूक केली. पिशव्या पुरवणाऱ्या एका ओळखीच्या माणसाला दुकानामागे पाचशे रुपये सही झाली की लगेच, असं ठरवलं. दीड महिन्यात त्याने तेवीस अर्ज आणले. त्यातलं एक दुकान बंद पडलेलं होतं, एका दुकानाचे दोन अर्ज होते, आणि नऊ जणांना आपण कशावर सही केली हेच माहीत नव्हतं. साडेअकरा हजार गेले. चूक त्या माणसाची नव्हती, मी सहीचे पैसे लावले होते आणि त्याने सह्या आणल्या. आता आम्ही सहीला काहीच देत नाही. त्याने आणलेल्या दुकानाची जी सर्टिफिकेटं विकली जातील, त्यांच्या आमच्या कमिशनमधला चौथा हिस्सा वर्षभर त्याचा. आता अर्ज कमी येतात, पण येतात ते चालणाऱ्या दुकानांचे.

कागद म्हणाल तर पॅन, जीएसटी क्रमांक असल्यास तो, शॉप ॲक्टचा दाखला, आणि रद्द केलेला चेक. त्यांचे फोटो तिथेच काढून घ्या. "नंतर पाठवा" म्हणालात की ते नंतर येत नाही.

एका गोष्टीबद्दल मला जरा थांबून बोलायचंय, कारण ती माझ्या जिव्हारी लागली होती. एक सासूबाई आपल्या सुनेला घेऊन आमच्या एका जोडलेल्या दुकानात साडी घ्यायला गेल्या. तीन हजारांचं सर्टिफिकेट मुंबईच्या लेकाने पाठवलेलं. साडी पसंत पडली, घडी घालून पिशवीत गेली, आणि गल्ल्यावरचा मुलगा मोबाइलवरचा कोड बघून म्हणाला, "असलं काही आपल्याकडे चालत नाही." मालकाला माहीत होतं, पण मालक त्या दिवशी लग्नाला गेलेले. त्या दोघी पिशवी तिथेच ठेवून बाहेर पडल्या. सासूबाईंनी मला फोन केला तेव्हा त्या ओरडल्या नाहीत. एवढंच म्हणाल्या, "माझ्या मुलाची भेट खोटी आहे असं सगळ्या दुकानाला वाटलं हो." मी त्याच संध्याकाळी साडी घेऊन त्यांच्या घरी गेले. तेव्हापासून सही मालकाची घेते, पण शिकवते गल्ल्यावरच्या माणसाला. एक रुपयाचं सर्टिफिकेट काढून त्याच्या हाताने ते वापरायला लावते, आणि कोड कसा तपासायचा याचा कागद गल्ल्याच्या झाकणाच्या आतल्या बाजूला चिकटवून येते. तो मुलगा बदलला की परत जाते. दोन मैलांवरचं दुकान स्वस्तात जोडलं म्हणायचं ते यासाठी, की परत जाणं परवडतं.

धोका सगळा दुकानाकडे आणि ग्राहकाकडे ढकलून मोकळं होता येत नाही. आमचं एक दुकान अचानक बंद झालं, तीन जणांची मिळून साडेचार हजारांची सर्टिफिकेटं बाकी होती. ते आम्ही खिशातून भरले. आता नव्या दुकानाची पहिले तीन महिने एका वेळी दोन हजारांपेक्षा जास्त रकमेची सर्टिफिकेटं विकत नाही. दुकानदाराला कारण सांगितलं की राग येत नाही, तोही नव्या गिऱ्हाइकाला उधारी जपूनच देतो.

महिने बघून कामाला लागा. नवरात्र ते दिवाळी कुणाच्या दुकानात माहिती द्यायला जाऊ नका, त्याला तेव्हा श्वास घ्यायलाही वेळ नसतो. आषाढात आणि पितृपक्षात जा. खरेदी थंडावलेली असते, चहा मिळतो, बसायला स्टूल मिळतं. आषाढात जोडलेलं दुकान गणपतीपर्यंत सराईत होतं आणि भाऊबीजेला कामाला येतं. कामगारांच्या चिठ्ठ्या मात्र श्रावण संपायच्या आत जमवा, म्हणजे नावं हातात घेऊन जाता येतं.

दुकानदारांशी करायच्या एकपानी कराराच्या प्रती दाराजवळच्या टेबलावर ठेवल्यात. मराठीत आहे, अक्षर मोठं आहे, कारण काकांना चष्मा शोधायला लागू नये. तुमच्या वकिलाला दाखवून बदल करून घ्या. कुणाच्या ओळखीत सातपूर-अंबडला कारखाना असेल आणि चिठ्ठ्या कशा भरून घ्यायच्या ते प्रत्यक्ष बघायचं असेल, तर चहाच्या वेळी मला भेटा. येत्या गुरुवारी जेवणाच्या सुट्टीत मी एका ठिकाणी जाणार आहे, दोघांना बरोबर नेऊ शकते.