साचा मोठा, चकती लहान

(एका वाचनालयाच्या व्याख्यानमालेत केलेल्या भाषणाचं संपादित रूप)

मंडळी, नमस्कार. या टेबलावर मी एक छोटा डिजिटल काटा आणि एक भिंग आणून ठेवलंय. त्यांचं काम भाषणानंतर आहे.

मला विषय दिलाय तो असा : एखाद्या छंदावर वर्गणी घेऊन ईमेलने पत्र पाठवायचं, तर सुरुवात कशी करायची? मी असं पत्र चालवते. महिन्यातून दोनदा, मराठीत, फक्त शिवराई या तांब्याच्या नाण्यावर. मोगली रुपये त्यात येत नाहीत, कंपनी सरकारचे पैसे येत नाहीत. सोन्याचा होनसुद्धा ओघात आला तरच.

‘एवढ्याशा तांब्याच्या नाण्यावर दर पंधरा दिवसांनी काय लिहिणार?’ असं घरच्यांनी विचारलं होतं. त्याचं उत्तर नाण्यातच आहे. शिवराईच्या एका बाजूला तीन ओळींत ‘श्री राजा शिव’, दुसऱ्या बाजूला दोन ओळींत ‘छत्र पति’, भोवती ठिपक्यांचं वर्तुळ. १६७४ च्या राज्याभिषेकाशी आपण हे नाणं जोडतो. पण हा सगळा मजकूर एकाच नाण्यावर सहसा सापडत नाही. ठसा हातोड्याने मारलेला, साचा, म्हणजे तो ठसा उमटवणारा कोरीव शिक्का, मोठा आणि तांब्याची चकती लहान. घाव जिथे बसला तेवढंच उमटलं. एकीवर ‘राजा’ स्पष्ट आणि ‘श्री’ कडेच्या बाहेर, दुसरीवर ‘श्री’ पूर्ण आणि खालची ओळ गायब. कुठे ‘शिव’ तर कुठे ‘सिव’. संभाजी महाराजांच्या नाण्यावर ‘श्री राजा शंभु’. नंतरच्या काळातली एक शिवराई दोन आडव्या दांड्यांची, म्हणून दुदांडी. १८१८ मध्ये पेशवाई गेली, तरी शिवराई पुढे कित्येक वर्षं दख्खनच्या बाजारात चालत राहिली.

आता असा एक साचा पूर्ण कसा होता हे पाहायचं असेल, तर त्या साच्यातून निघालेली पाच-सात नाणी शेजारी शेजारी मांडावी लागतात. ती एका माणसाकडे नसतात. एक साताऱ्यातल्या कुणाच्या डबीत, एक नगरला, एक बेळगावात कुणाच्या देव्हाऱ्यात. माझं पत्र हे काम करतं. वाचक फोटो, वजन आणि व्यास पाठवतात, मी ते जुळवते, आणि कधीतरी तुटक अक्षरांतून अख्खा साचा उभा राहतो. पहिल्यांदा एका साच्यातला ‘श्री’ पूर्ण जुळला, त्या रात्री मला झोप लागली नव्हती.

म्हणून सुरुवात करणाऱ्याला माझा पहिला प्रश्न हा असतो : तुमच्या छंदात असं काय आहे, जे एकट्या माणसाला पूर्ण करता येत नाही? ते सापडलं तर वर्गणी मागायला अधिकार येतो. नुसती माहिती गोळा करून पाठवणार असाल तर मागू नका. माहिती लोकांना फुकट मिळते.

पहिलं वर्ष मी पत्र फुकट पाठवलं. यादी भराभर वाढली, पण येणारी उत्तरं बहुतेक एकाच प्रश्नाची : ‘ताई, याचे किती लाख मिळतील?’ जुन्या नाण्यांचे लाखो रुपये मिळतात अशा जाहिराती तुम्हीही पाहिल्या असतील. रिझर्व्ह बँकेने २०२१ च्या ऑगस्टमध्ये लोकांना सावध केलं होतं, की आमच्या नावाने जुन्या नोटा-नाण्यांच्या खरेदी-विक्रीत कमिशन आणि कर मागणाऱ्यांवर विश्वास ठेवू नका. मी बँकेत कॅशियर म्हणून नोकरी केली आहे, अशा फसवणुकीने रडवेली झालेली माणसं मी काउंटरवर पाहिली आहेत. त्या प्रश्नांना मी मनापासून उत्तरं देत राहिले, आणि ज्या कामासाठी पत्र काढलं ते काम मागे पडलं.

दुसऱ्या वर्षी वर्षाला ६०० रुपये वर्गणी ठेवली. पहिल्या महिन्यात ४३ जणांनी भरली. आकडा पाहून वाईट वाटलं, खोटं बोलणार नाही. पण त्या ४३ जणांची पत्रं यायला लागली आणि माझं वाईट वाटणं थांबलं. ‘माझी ११.४ ग्रॅम भरते, झीज धरली तर बरोबर आहे का?’ ‘मागच्या अंकातल्या नाण्याचा ज आणि माझ्या नाण्याचा ज एकाच हातचा वाटतो, बघाल का?’ घरात काटा असलेली ही माणसं होती. मला हवी होती ती हीच.

व्यवहाराचं थोडक्यात सांगते. वर्गणी महिन्याची ठेवू नका, वर्षाची ठेवा. कार्डावरून आपोआप पैसे कापून घ्यायचे तर रिझर्व्ह बँकेच्या ऑक्टोबर २०२१ पासूनच्या नियमांप्रमाणे ग्राहकाची आधी नोंदवलेली संमती लागते, प्रत्येक वेळी २४ तास आधी सूचना जावी लागते. ग्राहकाच्या दृष्टीने नियम चांगलाच आहे, पण दरमहा पन्नास रुपयांसाठी हा खटाटोप दोघांनाही जड होतो. वर्षातून एकदा यूपीआयने पैसे आले की विषय संपला. अशी ईमेल-पत्रं चालवून देणाऱ्या सबस्टॅकसारख्या ठिकाणी सगळं तयार मिळतं, पण ते वर्गणीतले दहा टक्के ठेवतात आणि पैसे स्ट्राइप या ऑनलाइन पैसे गोळा करणाऱ्या कंपनीमार्फत येतात. स्ट्राइपने २०२४ मध्ये भारतातली नवी खाती निमंत्रणापुरती मर्यादित केली. घोस्ट ही तशीच दुसरी सेवा वर्गणीत वाटा मागत नाही, पण मांडामांड स्वतः करावी लागते. मिळकत छोटी असली तरी ती उत्पन्नात दाखवायची, हे कॅशियरला वेगळं सांगावं लागत नाही.

एक अडचण मात्र मराठीत लिहिणाऱ्यांची खास आहे आणि ती मला कुणी सांगितली नव्हती. जीमेल १०२ किलोबाइटच्या पुढचं पत्र कापतं, खाली एक दुवा देतं आणि उरलेलं लपवतं. बाइट म्हणजे संगणकात मजकूर मोजायचं माप; इंग्रजी अक्षराला एक बाइट लागतो. देवनागरीच्या प्रत्येक चिन्हाला तीन लागतात. ‘श्री’ घ्या : श, हलन्त, र आणि दीर्घ वेलांटी, चार चिन्हं, म्हणजे १२ बाइट. त्यात मांडणीचा न दिसणारा मजकूर मिळवा. माझ्या एका अंकात शेवटचा, सगळ्यात महत्त्वाचा तक्ता अर्ध्याहून जास्त लोकांनी पाहिलाच नाही, कारण तो कापलेल्या भागात गेला होता. तेव्हापासून अंक १५०० शब्दांच्या वर जाऊ देत नाही आणि तक्ता सगळ्यात वर ठेवते.

आता ज्यासाठी मी खरं तर इथे आले ते बोलते. नाण्यांचं पत्र चालवणाऱ्याने नाणी विकू नयेत. कमिशन घेऊ नये, भेटवस्तू घेऊ नये. मी पत्र सुरू केल्यावर माझी स्वतःची खरेदीसुद्धा बंद केली. कारण असं : बाजारात ओतीव नकली शिवराया खूप आहेत. कडेला धातू ओतायच्या साच्याच्या दोन भागांच्या सांध्याची पुसट रेघ, पृष्ठावर बारीक बुडबुड्यांचे खड्डे, अक्षरांच्या कडा साबणासारख्या गोल, वजन भलतंच. शिवकाळातली शिवराई साधारण ११ ते १३ ग्रॅमची, नंतरच्या बऱ्याच हलक्या. मी एखाद्या नाण्याला ‘संशयास्पद’ म्हटलं की कुणाचं तरी नुकसान होतं, ‘अस्सल’ म्हटलं की कुणाचा तरी फायदा. एका विक्रेत्याने मला निरोप पाठवला होता, ‘अंकात दोन शब्द चांगले लिहा, दोन नाणी तुमची.’ मी नाही म्हटलं. वर्गणीदार मला ६०० रुपये देतो ते या ‘नाही’साठी देतो, असं मी मानते.

पण प्रामाणिक माणूसही चुकतो. एका अंकात मी एक नाणं शिवकाळातलं म्हणून दिलं. दोन आठवड्यांनी कोल्हापूरच्या एका वर्गणीदाराचं पत्र आलं, सोबत चार फोटो. माझ्या नाण्यावरचा ‘छ’ आणि त्याच्याकडच्या उघडच उत्तरकालीन नाण्यावरचा ‘छ’ एकाच साच्यातले होते. तो बरोबर होता. मधल्या काळात एका वाचकाने माझ्या शब्दावर विसंबून तसंच नाणं चढ्या भावाने घेतलं होतं. मी त्याला फोन केला. तो म्हणाला, ‘काकू, तुम्ही स्वतःहून सांगितलंत हे पुष्कळ झालं.’ मला ते पुष्कळ वाटलं नाही. त्याची वर्गणी परत पाठवली, जुना अंक दुरुस्त केला, आणि तेव्हापासून प्रत्येक अंकाची पहिली चौकट ‘दुरुस्ती’ हीच असते. दुरुस्त करायला काही नसेल तर तसं लिहिते.

सुरू करणार असाल तर आधी सहा अंक लिहून ठेवा, मग पैसे घ्या. आजारपण येतं, घरात लग्न निघतं. माझं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं तेव्हा दोन अंक चुकले, मी सगळ्यांची मुदत महिन्याने वाढवली. कुणी मागितली नव्हती. वर्गणी घेतली म्हणजे तारीख पाळायची किंवा हिशेब चुकता करायचा.

आणि तुमच्या छंदाला लागू होणारा कायदा माहीत करून घ्या. न्यू जर्सीतला एक मराठी वाचक फार प्रेमाने म्हणाला, ‘दोन शिवराया पाठवा ना, मुलांना दाखवतो.’ पाठवता येत नाहीत. शंभर वर्षांहून जुनं नाणं १९७२ च्या पुरावशेष कायद्याखाली येतं, खाजगी माणसाला ते देशाबाहेर नेता येत नाही. मी त्याला मोठे फोटो पाठवले. शेतात नांगराला हंडा लागला तर १८७८ च्या निखात निधी कायद्याप्रमाणे कलेक्टरला कळवावं लागतं, हेही मी वर्षातून एकदा छापतेच. हंड्यातली नाणी वाटून घेतली की ती कुठे, कशासोबत सापडली हे कायमचं जातं. आमच्या अभ्यासात त्यापेक्षा मोठं नुकसान नाही.

बाहेर फलकावर लिहिलं होतं, घरातली शिवराई असेल तर घेऊन या. काही जणांच्या हातात पुड्या दिसतायत. एकेकाने या, मी वजन करून लिहून देते, फोटो काढते. किंमत सांगणार नाही. मागच्या रांगेतल्या आजी, तुम्ही मघाशी चिंचेने घासून आणते म्हणालात. तसं करू नका, रापलेला थर गेला की अक्षराची कडही जाते. देव्हाऱ्यातलं कुंकू लागलेलं असेल तर असू दे. या, तुमचं आधी बघू.