सोलापूरकर गोल्फ शिकायला निघतो तेव्हा

(दृश्य: पार्क मैदान, सकाळ. पोरांचं क्रिकेट रंगात आलंय.)

सोलापुरात कधीच बॅट न धरलेलं पोरगं शोधून काढावं लागेल. गोल्फ मात्र बहुतेकांनी टीव्हीवरच पाहिलेला. शिकायचं म्हटलं की कुणीतरी पुण्याचं नाव घेतं. येरवड्याला पूना क्लबचं अठरा होलचं (चेंडू घालायच्या अठरा खळग्यांचं) मैदान आहे, अनिर्बन लाहिरीसारखा खेळाडू पुण्यात जन्मला. नाव घेण्यात चूक काहीच नाही. फक्त मध्ये अडीचशे किलोमीटर आहेत.

पुणेकर ऑफिस सुटल्यावर तासभर जाऊन येईल. आपल्या वाट्याला महिन्यातले एक-दोन रविवार. त्यामुळे अकॅडमी निवडताना आपला पहिला प्रश्न त्याच्यापेक्षा वेगळा हवा: दोन भेटींच्या मधल्या दिवसांत मी घरी काय करू? यावर नीट उत्तर न देणारा प्रशिक्षक कितीही नावाजलेला असो, सोलापूरकराच्या कामाचा नाही.

(दृश्य: रेल्वे स्टेशन. पिशवीत भाकरी आणि शेंगाचटणी.)

सकाळची गाडी धरली तरी पुण्यात उतरून मैदानावर पोचेपर्यंत ऊन चढतं. शनिवारी संध्याकाळी एक धडा आणि मुक्काम करून रविवारी सकाळी दुसरा, असं जमतंय का ते विचारा. सुरुवात शक्यतो थंडीत करा. आपल्याकडचा एप्रिल-मे चाळिशीच्या वर जातो. त्या उन्हात घरामागच्या मोकळ्या जागेतही सराव होत नाही.

प्रशिक्षकाची पात्रता विचारायला लाजू नये. इंडियन गोल्फ युनियनची नॅशनल गोल्फ अकॅडमी ऑफ इंडिया ही संस्था प्रशिक्षक तयार करते; तिचं प्रमाणपत्र आहे का, ते पाहा. पण त्याहून जास्त कळतं ते दुसऱ्या कुणाचा तरी धडा बाजूला उभं राहून पाहिल्यावर. चांगला शिक्षक आधी गप्प राहून चार-सहा फटके बघतो, मग एकच गोष्ट बदलायला सांगतो. डोकं, खांदा, मनगट, कंबर असं सगळं एका दमात सुधारायला निघालेल्या माणसाला पैसे देऊ नका.

(दृश्य: ड्रायव्हिंग रेंज, म्हणजे लांब फटक्यांच्या सरावाची जागा. नवशिक्याचा चेंडू जमिनीवरूनच घरंगळतो.)

हा फटका सगळ्यांचाच असा जातो. चेंडू वर जावा म्हणून आपण त्याला खालून उचलायला बघतो, आणि क्लब, म्हणजे गोल्फची काठी, चेंडूच्या डोक्याला घासून जातो. खरं तर क्लबचं तोंड मुळातच तिरकं असतं. आयर्नने (धातूच्या चपट्या तोंडाच्या क्लबने) चेंडूवर खाली जाणारा फटका मारला की तो तिरकेपणाच चेंडूला वर चढवतो. क्रिकेट खेळलेल्यांना आणखी एक अडचण येते. तिथे येणाऱ्या चेंडूला उत्तर द्यायचं असतं. इथे चेंडू निवांत पडून असतो आणि आपण नको तितका विचार करतो. खालच्या हाताचा जोरही नडतो.

आता पटिंग, म्हणजे हिरवळीवरून चेंडू हळूच घरंगळवत होलमध्ये घालणं. साधारण अठरा होलच्या मैदानाचं पार, म्हणजे अपेक्षित फटके, असतं 72. त्यात प्रत्येक होलला पटिंगचे दोन फटके धरलेले असतात, म्हणजे 36. निम्मे फटके! तरीही नवा माणूस सगळा वेळ लांब मारण्यात घालवतो, आणि काही अकॅडम्या त्याला तसं करूही देतात. पटिंग आणि चिपिंगला (जवळून चेंडू थोडा उचलून हिरवळीवर टाकायला) जागा नसलेली अकॅडमी सरळ वगळावी. आणि आपल्या सोयीची गोष्ट अशी की पटिंग घरात जमतं. सतरंजी अंथरायची, टोकाला पेला आडवा ठेवायचा. सोलापुरी चादर नको, तिच्या उठावाच्या नक्षीवर चेंडू वाट सोडतो. होलचा व्यास 108 मिलिमीटर. पेल्यात चेंडू घालायची सवय झाली की होल ऐसपैस वाटतं.

(दृश्य: दुकानात चकचकीत गोल्फ सेट.)

नियमाने बॅगेत चौदा क्लब चालतात, पण सुरुवातीला चौदा कशाला? सेव्हन आयर्न (सात नंबरचा आयर्न), एक वेज (जास्त तिरक्या तोंडाचा, जवळच्या फटक्यांचा क्लब) आणि पटर (पटिंगचा क्लब) पुरे. पहिल्या काही धड्यांना तेही अकॅडमीकडून मिळतात का, विचारा. मुलांसाठी मोठ्यांचे क्लब कापून देऊ नका, जड पडतात. टॉवेल मात्र घरून न्या. क्लब आणि हात पुसायला तो लागतोच, आणि तो विकत घ्यायला सोलापूरकराने पुण्यात जावं, हे काही शोभत नाही.

फी ठरवताना शेवटचं एक विचारून घ्या: रेंजवरच्या चेंडूंच्या बादलीचे पैसे त्यात धरलेत की वेगळे? आणि प्रत्यक्ष मैदानावर कधी नेणार?